आमायची जाळी

२६ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा पोपडा. गंजाचा! गिऱ्हाइकाने दातातून काढला, दोन बोटांत धरला आणि माझ्या नाकासमोर नाचवला. "माय तिनो, हा पण तोलून घेतला होता का मी?" सगळं अंगण हसलं. तिनोची आई, म्हणजे मीही हसले.

मांस मुसेकिवाच्या दुकानातलं; म्हातारा म्हणून त्याला सगळे मुधारा म्हणतात. गिऱ्हाईक ते स्वतः निवडतं, तोलून घेतं आणि मागच्या अंगणात येऊन आम्हा भाजणाऱ्या बायकांपैकी एकीच्या हातात देतं. मीठ लावायचं, भाजायचं, बरोबर साद्झाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा आणि टोमॅटो-कांदा द्यायचा, एवढंच आमचं काम. म्हणून मांस चिवट निघालं तर शिव्या म्हाताऱ्याला, पोपडा निघाला तर मला.

आणि ही जाळी! अर्ध्या पिंपावर आडवी टाकलेली. कडेचे गज अजून अंगठ्याएवढे आहेत, मधले झिजून विणायच्या सुयांसारखे झालेत. दोन तर तुटलेच. तिथून सॉसेज सरळ निखाऱ्यात जातं. वर्षानुवर्षांची चरबी बसली आहे तिच्यावर — वरून काळी, कडक, आणि नख लावलं की आतून ओशट. सकाळी पेटवलं की आधी ती जुनी चरबी वितळते आणि असा वास सुटतो की जणू मेलेलं काहीतरी कुणी पुन्हा शिजवायला घेतलंय. मी आधी झुरळं झटकते, मग पेटवते. आणि लोक बोटं चाटत खातात. शी!

२८ सप्टेंबर, बुधवार

जाळी माझी नाही, हेच खरं दुखणं. आमायची आहे. आमाय म्हणजे तेंडेकाईची आई, माझी सासू. जानेवारीत गेली. जागा तिची, पिंप तिचं, जाळी तिची. ती अंथरुणाला खिळल्यापासून तिथे मी उभी राहते. दुसरं कोण राहणार होतं? तेंडेकाई मिनीबस चालवतो. आणि त्याची मोठी बहीण, आमची तेते स्कोलास्तिका — तिचं धुराने डोकं उठतं!

आमाय जाळीला कुणाला हात लावू द्यायची नाही. नवी नवरी होते तेव्हा मी एकदा वाळू घेऊन घासायला बसले होते. "चव काढून टाकतेस?" म्हणून जी ओरडली, ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

गिऱ्हाईकं अजून म्हणतात, आमायच्या जाळीला चव आहे. चव कसली? तुमच्या बापाने दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या बैलाची चरबी आहे ती!

१ ऑक्टोबर, शनिवार

गर्दी. बिअर, धूर, गाड्यांमधली गाणी. "जावई, इकडे या, इकडे!" असं गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून घसा बसला. तिसरा गज तुटला.

२ ऑक्टोबर, रविवार

मुसेकिवा अंगणात आला. तो सहसा येत नाही. त्याला आमच्या धुराची घाण वाटते, आणि त्याच्या रक्ताने भरलेल्या एप्रनची आम्हाला. जाळीजवळ वाकून बघत राहिला.

"माय तिनो, ही जाळी आहे की चाळणी?"

"चाळणी, मुधारा. तुमचं मांस चाळून देते."

बाकीच्या बायका खिदळल्या. तो नाही हसला. "महिनाअखेरपर्यंत बघ. दुरुस्त कर नाहीतर नवी आण. लोक तुझी जाळी बघतात आणि माझं मांस परत करतात. नसेल जमत तर माझी भाची रिकामीच आहे."

त्याची भाची मी पाहिली आहे. नखं एवढी लांब की तिला चिमट्याची गरज पडायची नाही.

घरी तेंडेकाईला सांगितलं. तो जेवत होता. "मग घे ना दुरुस्त करून."

"दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही त्यात. नवी घेऊ या."

"आईची आहे ती, माइदेई."

माझं नाव घेतलं म्हणजे संपलं. पुढचा घास. या माणसाला आई म्हटलं की पुढचा शब्द सुचत नाही, आणि बायको म्हटलं की पहिलासुद्धा नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

तेते आली. मी गुडघे टेकले, टाळ्या वाजवून विचारपूस केली, सगळं रीतसर. का, तर तिच्या लग्नात जी गुरं या घरात आली तीच माझ्या बापाला देऊन मला आणलं. ही गोष्ट ती दर भेटीत सांगते. मी विसरेन अशी भीती वाटते बहुतेक. आजही सुरुवात तिथूनच. "कुणाच्या गुरांवर आलीस तू या घरात?"

"तुमच्या, तेते."

"मग ऐक. जाळी टाकायची गोष्ट काढायची नाही. आमायची वस्तू भंगारात घालशील? मेलेल्या आईचा कोप काय असतो, पाहिला आहेस? दुरुस्त करून घ्यायची. आमच्या चर्चमधला नोमोर वेल्डिंग करतो, त्याला पाठवते. मधे घालायला जाळीचा तुकडाही आहे माझ्याकडे. फुकट देते."

तेते स्कोलास्तिका — फुकट! आज सूर्य पश्चिमेला उगवला होता की काय? बोलत होती तोवर रुमाल नाकावरून काढला नाही. माझ्या कपड्यांचा वास येत होता म्हणे. आईच्या जाळीचा कळवळा, पण तिच्या धुराची शिसारी!

७ ऑक्टोबर, शुक्रवार

नोमोर येऊन गेला. मधले सगळे गज कापले आणि त्या जागी तेतेचा तुकडा जोडला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, चकचकीत. मी म्हटलं, आधी जुनी चरबी तरी खरवडू दे. "कशाला? जळून जाईल." जळलीच. भडका उडाला, त्याच्या भुवया होरपळल्या आणि अंगणभर असा वास पसरला की शेजारच्या न्हाव्याने दार लावून घेतलं.

आता मधे चकाकतं आहे, भोवती किटण. म्हातारीला नवा दात बसवावा तसं. बघवत नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

लिहू की नको, असं झालंय. लिहिते.

दुपारची गर्दी. जाळी तापली आणि मधल्या तुकड्यातून पांढरा धूर यायला लागला. लाकडाचा नव्हे, कोळशाचाही नव्हे. जिभेवर नाणं ठेवावं तशी चव घशात. मांस खालून राखाडी पडलं. मला वाटलं, नवी आहे, बसेल हळूहळू. एका ट्रकवाल्याने आणि त्याच्या मित्राने खाल्लं. मित्र आधी उठला. भिंतीपर्यंत पोचलाच नाही. माझ्या पिंपाशेजारी, माझ्या पायांवर! मग ट्रकवाला. मग पलीकडच्या बाकावरची बाई, तिने तर फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

शेजारच्या पिंपावरची माय शिंगी धावत आली. "उचल! उचल ते मांस! जस्ताची आहे ही, कुंपणाची! हिच्यावर कुणी खायचं भाजतं का?" तिने माझ्या निखाऱ्यांवर बादली ओतली. मुसेकिवाने दोघांना नवं मांस दिलं, ते माय शिंगीने भाजलं. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ते वाईट होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ओकारी मीच धुतली. ज्याची जाळी त्याची ओकारी. म्हणजे आमायची जाळी, तेतेचा तुकडा, नोमोरचं वेल्डिंग, आणि फडकं माझं! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

९ ऑक्टोबर, रविवार

लिंबू झालं, राख झाली, साबण झाला. हाताचा वास जात नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

चार दिवस माय शिंगीच्या जाळीच्या कडेला भाजते आहे. तिच्या उपकारावर. आज कांदे सोलता सोलता ती म्हणाली, "तुझी तेते एकदम एवढी उदार कशी काय झाली, विचार केलास?"

"आईची आठवण म्हणून."

"आठवण! अगं भोळे, आमायच्या वस्तू अजून वाटल्या कुठे आहेत? मुतोकोहून तिच्या माहेरची माणसं यायची आहेत ना?"

ते मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? बाईने स्वतःच्या हातांनी कमावलेलं तिच्यामागे नवऱ्याच्या घरात राहत नाही, माहेरची माणसं येतात आणि तीच वाटतात. नोव्हेंबर लागला की सगळे विधी बंद, म्हणून ती या महिन्याच्या शेवटी येणार, हेही माहीत होतं. पण जाळीचा आणि त्याचा संबंध मी लावलाच नव्हता.

"माहेरची माणसं पोटच्या लेकीला काहीतरी देतातच," माय शिंगी म्हणाली. "बाकीच्या बाया पातेली मागतील, गोधड्या मागतील. तुझी तेते मागेल जाळी. जाळी जिची, जागा तिची. पण मोडकी घेऊन काय करणार? म्हणून चालती करून हवी आहे. तुझ्याकडून."

"पण तिला तर धूर सोसत नाही."

"तिने कशाला सोसायचा? ती खुर्चीवर बसेल. भाजायला तू आहेसच की!"

आयत्या बिळावर नागोबा! मी तिच्यासाठी खुराड्याची जाळी जोडून घेतली, पायांवर ओकून घेतलं, आणि वर "मेहेरबानी, तेते" म्हणून टाळ्या वाजवल्या!

माय शिंगीने सोललेला कांदा माझ्या हातावर ठेवला. "दुरुस्त केलीस तर त्यांची. स्वतःच्या हातची नवी आणलीस तर तुझी. बघ बाई." डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांद्याचं होतं. थोडं नव्हतंही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

दोन्ही बाजूंनी विचार करते आहे आणि दोन्हीकडे अडते.

दुरुस्त करावी, तर खरे जाड गज घालावे लागतील, कडा बदलाव्या लागतील. म्हणजे जुनी फक्त नावाची उरेल आणि ती पण जाणार तेतेच्या नावावर. नवी आणावी, तर गिऱ्हाइकांना चव हवी. आमायची म्हणून येतात ती. गिऱ्हाईकंच तुटली तर जागा राहून करू काय? शिवाय तेंडेकाई. तो भांडणार नाही. तो गप्प बसेल, आणि त्याचं ते गप्प बसणं आठवडाभर घरात शेवाळासारखं वाढेल.

आणि एक गोष्ट. बाई जाऊन वर्ष झालं नाही, आणि तिच्या वस्तूवर कोण कसं झडप घालेल याचा हिशेब मांडत मी बसले आहे. माझीच मला किळस आली. पण मग आठवलं, ती आजारी होती तेव्हा तिच्या पिंपावर कोण उभं होतं? तेव्हा कुणाला झडप घालावीशी वाटली नाही ती!

१६ ऑक्टोबर, रविवार

भिशीची या महिन्याची पाळी माझी आहे. ठरलं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

म्बारेच्या लोखंडबाजारात गेले. सगळीकडे ठिणग्या, हातोडे, आणि जो तो "मॅडम, इकडे". पहिल्याने रंगवलेली जाळी दाखवली. नखाने रंग निघाला. दुसऱ्याने चकाकणारी दाखवली. मी एवढ्या जोरात "नाही" म्हणाले की तो मागे सरला. तिसऱ्याकडे नुसते गज होते, काळे, जाड, कसला मुलामा नाही, काही नाही. एक उचलून मी वास घेतला. लोखंडाचा वास! फक्त लोखंडाचा! तो माणूस हसत होता. "मामा, लग्न करायचंय का त्याच्याशी?"

"करीन," म्हटलं. "निदान हा बोलणार नाही, हे आधीच माहीत असेल."

गज एकेक वेगळे बसवून घेतले. एखादा झिजला तर तेवढाच काढता यावा. पुन्हा कुणाचा तुकडा जोडायला नको.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

नवी जाळी लावली. आधी रिकामी जाळली, मग अर्धा कांदा तेलात बुडवून सगळ्या गजांवर फिरवला. गज ओळीने चमकत होते. किती तरी दिवसांनी सकाळी तो मेलेला वास आला नाही.

मग गिऱ्हाईकं आली.

"आमायची कुठे गेली?"

"म्हातारी झाली."

"हिच्यावर चव येईल?"

एकाने खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. "इस्पितळातल्यासारखं लागतंय." दुसरा आपलं मांस उचलून माय शिंगीकडे गेला. माझ्या डोळ्यांदेखत! मी मोठ्याने म्हणाले, "तुम्हाला चव नको आहे, किटण हवंय! घरून तव्याचं खरवडून आणा, मी वर भुरभुरते!" बाई अशी बोलते म्हणून तो चकित झाला. पण परत आला नाही.

संध्याकाळी मुसेकिवा आला, गजांवरून हात फिरवला, हात उलटा करून बघितला. काळा झाला नव्हता. "बरी आहे," म्हणाला. भाचीचं नाव नाही काढलं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

जुनी जाळी घराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. माश्या, मुंग्या, आणि शेजारचं कुत्रं येऊन चाटतं. आज भंगारवाला गाडा ढकलत आला. मी ती उचलून फाटकापर्यंत नेली. अंगाला घासली, कपड्यांना डाग पडला. मग परत आणून ठेवली. माझी नाही ती. टाकता येत नाही, ठेववत नाही. कुत्रं माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आलं आणि मागोमाग परत गेलं.

२३ ऑक्टोबर, रविवार

तेतेला कळलं. चर्चमधून सरळ इथे, टोपीसकट.

"आमायच्या जागेवर दुसरी जाळी! कुणाला विचारून?"

"मुसेकिवाने मुदत दिली होती. आणि तुमच्या तुकड्याने माणसं ओकली, तेते."

"नोमोर म्हणाला तू आधी तापवली नाहीस!" चोराच्या उलट्या बोंबा! मग भावाकडे वळली. "तू काही बोलणार आहेस का? तुझ्या आईला हाकललं हिने त्या अंगणातून!"

तेंडेकाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग बसचं टायर बघायला बाहेर गेला. टायर! दोन माणसं भांडत असली की या माणसाच्या टायरातली हवा जाते.

जाताना तेते म्हणाली, "शनिवारी मुतोकोची माणसं येताहेत. तेव्हा बघू कुणाचं काय आहे ते."

२६ ऑक्टोबर, बुधवार

उष्मा. झोप नाही. अंगणात आज गिऱ्हाईकं बरी आली. तो "इस्पितळ" म्हणणारा पण आला. मुकाट्याने खाल्लं.

२९ ऑक्टोबर, शनिवार

झालं. सांगोपांग लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

मुतोकोहून आमायची थोरली बहीण आली होती, मायगुरू सारुद्झाई, आणि एक भाऊ. भाऊ बोलतच नाही, मायगुरूच बोलते. वाळक्या शेंगेसारखी म्हातारी. कमरेच्या फडक्यात तपकिरीची डबी. अंगणात चटई टाकली आणि आमायचं सगळं तिच्यावर मांडलं: पातेली, ताटल्या, गोधड्या, कमरेला गुंडाळायची कापडं, चांगला एक कोट. मी सून, म्हणून मागे, चुलीपाशी. चहा द्यायचा आणि गप्प राहायचं.

पातेली वाटली. गोधड्या वाटल्या. कोट तेतेला मिळाला. तिने तो लगेच घातला, त्या उकाड्यात! मग म्हणाली, "मायगुरू, जाळी राहिली."

"कुठली?"

"मुसेकिवाच्या अंगणातली. नवी. ही म्हणते तिची आहे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पण ती आली कुठून? भिशीतून. भिशी कुठून भरली? आमायच्या जाळीवर भाजून. गाय ज्याची, वासरू त्याचं. नवी जाळी आमायच्याच हातांची आहे, आणि ती वाटणीत यायला हवी."

भावाने मान हलवली. वासराचं म्हणणं खरंच आहे, आपल्यात तसंच असतं. मी तेंडेकाईकडे बघितलं. तो आपल्या बुटाकडे बघत होता. त्या क्षणी मला त्याची जी शिसारी आली तशी जाळीचीही कधी आली नव्हती.

मायगुरूने तपकीर ओढली, शिंकली, नाक पुसलं. "गाय दाखव," म्हणाली.

मी मागे गेले आणि जुनी जाळी ओढत आणली. माश्या सोबत आल्या. चटईवर ठेवली तेव्हा बायका मागे सरल्या. तेतेने आमायच्या कोटाच्या बाहीचा कोपरा नाकावर धरला. मायगुरू मात्र पुढे सरकली. हाताने चाचपली. कडेचा एक गज धरला, तो तिच्या हातातच आला.

"हे चकाकतं काय आहे?"

"खुराड्याची जाळी," मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं, पण विचारलं म्हणून बोलले. "तेतेंनी दिली. दुरुस्तीला."

"मग?"

"त्याच्यावर भाजलं आणि माणसं ओकली."

भाऊ हसला. इतक्या वेळात तोंडातून निघालेला त्याचा हा एकच आवाज. मायगुरूने जाळी उचलून उभी धरली आणि तिच्यातून आमच्या सगळ्यांकडे बघितलं. तेतेचा तुकडा एका कडेने सुटून एवढं मोठं भोक पडलं होतं की तिचा अख्खा चेहरा दिसत होता.

"स्कोलास्तिका, ही गाय माझ्या बहिणीच्या आधीच मेलेली होती. तुम्ही तिच्या पोटात खुराडं घातलंत तरी ती उठली नाही. मेलेल्या गाईला वासरू होत नाही. मुतोकोत तरी होत नाही. हरारेचं मला माहीत नाही."

बायका तोंड दाबून हसल्या. मायगुरू म्हणाली, "नवी तिची. ही जुनी आमची. मी घेऊन जाईन."

मी जिंकले होते. मला वाटलं, आता बसावं. तेवढ्यात तेते उठली. कोट सावरला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून म्हणाली, "ठेव. तुझी तुला लखलाभ. पण तू मेलीस की तुझं न्यायला कोण येणार आहे? आईबाप नाहीत. एक भाऊ होता, तो दक्षिणेत कुठे हरवला देव जाणे. तुझी जाळी कुत्रीच चाटतील."

आपल्यात याहून वाईट बोलता येत नाही. ज्याचं न्यायला कुणी येत नाही, ते माणूस होतं की नव्हतं कुणाला ठाऊक? मायगुरू तपकिरीची डबी बंद करत होती. तिनेही ऐकलं असणार. तेंडेकाई म्हणाला, "तेते, जाऊ दे ना." जाऊ दे! बस्स, एवढंच!

मी चुलीमागे गेले आणि ओकले. काही खाल्लेलं नव्हतं, तरी.

३० ऑक्टोबर, रविवार

तेंडेकाई म्हणाला, ती रागात बोलली. मी त्याच्यापुढे रिकामं ताट ठेवलं आणि कामावर गेले. नव्या जाळीकडे बघवत नव्हतं. एवढे जाड गज कशाला घेतले मी? कुणासाठी टिकणार आहेत ते?

३१ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी मायगुरू अंगणात आली. मुतोकोची बस पकडायची होती, जुनी जाळी दोरीने बांधून भावाच्या डोक्यावर. मुसेकिवाकडून स्वतः मांस निवडून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. खाल्लं. "कच्चं आहे. माझी बहीण बरं भाजायची." मग बोटं पुसली आणि म्हणाली, "तुझं न्यायला मी येईन."

मी म्हटलं, "मायगुरू, तुम्ही माझ्या आईहून मोठ्या."

"मग लवकर मर." आणि हसली, दात नसलेलं. मग जाळीचा एक गज चाचपला, हात भाजला तरी पटकन काढला नाही. "नाहीतर आज घरी पोचले की मुलींना सांगून ठेवते, हरारेत आपली एक आहे म्हणून."